गाजलेल्यांची गादी

२०२४ च्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. वसुबारसेला दोन दिवस उरले होते आणि आमच्या येरवड्याच्या गल्लीतली पोरे किल्ल्याच्या मातीत कोपरापर्यंत बुडाली होती. कोणी बुरूज थापीत होता, कोणी हळीव पेरून त्याचे रान उगवण्याची वाट पाहत होता, आणि मावळ्यांच्या पलटणीशेजारी एका विटेला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर गहुंज्याचा कसोटी सामना चालू होता. तिसऱ्या दिवशीच सारे आटोपले. भारत ११३ धावांनी हरला. न्यूझीलंडने आपल्या भूमीवर येऊन कसोटी मालिका जिंकावी, असे त्याआधी कधी घडले नव्हते. चिखलाच्या बोटाने मोबाइल बंद करीत सहावीतला एक वीर मला म्हणाला, "सर, गंभीर असता ना, तर अशी वाट लागली नसती."

"अरे, तो तर तिथेच बसला आहे! तोच त्यांचा कोच."

"बसलाय हो," पोरगा म्हणाला, "पण बसून काय उपयोग? बॅट थोडीच हातात आहे!"

आणि तो पुन्हा बुरुजाकडे वळला.

वाचकहो, त्या पोराच्या तोंडून निघालेले ते वाक्य माझ्या मनात तेव्हापासून घर करून बसले आहे. आता गौतम गंभीर यांच्यावर मला दात धरायचा नाही. जुलै २०२४ मध्ये त्यांना नेमले, ऑक्टोबरात ही नामुष्की झाली, आणि पुढच्या मार्चमध्ये त्यांच्याच हाताखाली चॅम्पियन्स ट्रॉफीही आली. एका मालिकेच्या तागडीत माणूस तोलू नये, एवढे मलाही कळते. पण ज्या गृहस्थांनी त्यापूर्वी कोणत्याही संघाचे मुख्य प्रशिक्षकपद एक दिवसही सांभाळले नव्हते, आयपीएलमध्ये सल्लागार म्हणून काय ते दोन संघांबरोबर वावरले होते, त्यांना देशाच्या संघाची गादी मिळते. आणि मिळते ती मुख्यतः ते मैदानावर किती मोठे होते यावर मिळते. माझे भांडण आहे ते या गादीशी आणि ती देणाऱ्यांशी.

मी खेळाडू नव्हे. मी मास्तर. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही, आणि फावल्या वेळात तीनचार कादंबऱ्या लिहिण्याचा अपराध माझ्या हातून घडलेला आहे. तेव्हा "कोच व्हायचे तर पदवी आणा, सर्टिफिकिटे आणा" असे मी म्हणेन, ही भीती कोणी बाळगू नये. कागदाचा भक्त मी नाही. कागद असता तर कदाचित झालो असतो! माझे म्हणणे शाळेच्या फळ्यापुढे वीस वर्षे खडू झिजवून तयार झालेले आहे, आणि ते असे : ज्याला एखादी गोष्ट आपसूक आली, त्याला ती दुसऱ्याला कशी येत नाही हे समजत नाही.

वजाबाकीतला हातचा घ्या. बावन्नातून सदतीस वजा करायचे. दोनातून सात जात नाहीत, मग शेजारून एक दशक उसने आणायचे. तुम्हांआम्हांला यात काय कठीण आहे? पण तिसरीच्या वर्गातली निम्मी मुले तेथे अडखळतात, आणि प्रत्येक जण निराळ्या ठिकाणी अडखळतो. एकाला उसने आणलेले परत कधी द्यायचे ही चिंता पडते (आणि घरच्या परिस्थितीवरून पाहता ती अगदी रास्त असते), तर दुसरा सरळ सातातून दोन वजा करून मोकळा होतो. आमच्या शाळेत पूर्वी एक गणिताचे शिक्षक आले होते. विद्यार्थिदशेत बोर्डात झळकलेले, तोंडी हिशेब असे करीत की वाण्याने वही मिटावी. वर्गात ते फळ्यावर उदाहरण लिहीत आणि त्याखाली थेट उत्तर लिहीत. मुलाने विचारले, "सर, मधले?" तर त्यांना खरोखरच नवल वाटे. मधले काही असते हेच त्यांना ठाऊक नव्हते! बिचारे वाईट नव्हते, आळशी तर मुळीच नव्हते. दोन वर्षांत वर्गातली निम्मी मुले गणिताला भिऊ लागली, एवढे मात्र झाले.

शिकवणे म्हणजे हे मधले शिकवणे, आणि मैदान गाजवणाऱ्याजवळ बहुधा नेमके तेच नसते.

आता आपल्या पुण्याकडे येतो. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बालेवाडीचे संकुल उभे राहिले तेव्हा कबड्डीच्या एका चढाईला पुढे लाखांचे मोल येईल असे कोणाला स्वप्नातही वाटले नसेल. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि मातीतला हा खेळ मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात, घराघरांत पोहोचला. आमच्याकडे वहिनी पोळ्या लाटता लाटता "अहो, बोनस झाला ना?" असे विचारू लागल्या. पुण्याचा संघ पहिल्या वर्षापासून आहे, पुणेरी पलटण.

या खेळातले मोठे नाव म्हणजे अनुप कुमार. २०१० आणि २०१४ च्या आशियाई सुवर्णपदकांचे मानकरी, २०१२ चे अर्जुन पुरस्कार विजेते, २०१६ मध्ये अहमदाबादला इराणला हरवून विश्वचषक उचलणारे कप्तान. चढाईला गेलेला हा माणूस घाई म्हणून कधी करीत नसे. बाजारात भाजी निवडावी तसा शांतपणे निदान रेषेपाशी फिरे आणि गुण घेऊन परते. डिसेंबर २०१८ मध्ये त्यांनी खेळ सोडला, आणि पुढल्याच, २०१९ च्या हंगामात ते पुणेरी पलटणचे मुख्य प्रशिक्षक होते! मधे एखादा हंगाम कोणाच्या हाताखाली उमेदवारी? नाही. कनिष्ठ गटाच्या मुलांबरोबर दोन वर्षे? नाही. काल चढाई, आज गादी.

काय झाले? बारा संघांत पलटण दहावी आली. आणि त्याच हंगामात अजिंक्य ठरलेल्या बंगालच्या संघाचे प्रशिक्षक कोण होते? बी. सी. रमेश. हे गृहस्थही मोठे खेळाडू, तेही अर्जुन पुरस्काराचे मानकरी. खेळाडूने प्रशिक्षक होऊ नये असे मी म्हणतच नाही. पण रमेश आदल्या हंगामात बंगळूरच्या विजयी संघाबरोबर दुय्यम प्रशिक्षक म्हणून बसले होते. दुय्यम! पाण्याच्या बाटल्या, दुखऱ्या गुडघ्यांच्या नोंदी, कोणत्या चढाईपटूचा कोणता पाय आधी उचलतो याच्या टिपा, मुख्य प्रशिक्षकाचा राग, राखीव खेळाडूंचा रुसवा, हे सारे त्या दुय्यम माणसाच्या वाट्याला येते आणि तेथेच तो घडतो. अनुप कुमारांना पुण्याने दुसरा हंगाम दिला, तेव्हा पलटण सहावी येऊन बाद फेरीपर्यंत गेली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणजे माणूस शिकत होता! पण तो शिकत होता तो अजिंक्यपदाच्या स्पर्धेत, मुख्य आसनावर बसून, पोरांच्या दोन हंगामांच्या खर्चाने. कबड्डीपटूच्या आयुष्यात उमेदीचे हंगाम असतात तरी किती? सात, आठ. गुडघा गेला तर चार. त्यांतले दोन.

२०२२ मध्ये पुण्याने रमेश यांना आणले. त्या वर्षी पलटण अंतिम सामन्यापर्यंत पोहोचून जयपूरकडून चार गुणांनी हरली, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असे नमवून प्रथमच अजिंक्य झाली. आमच्या येरवड्यात त्या रात्री फटाके वाजले. पुढे रमेश यांच्या हाताखाली अजय ठाकूर एक हंगाम दुय्यम म्हणून राहिले. हेही एके काळचे भारताचे कप्तान, चढाईतले नामांकित. २०२५ मध्ये ते मुख्य झाले, पलटण साखळीत पहिली आली आणि अंतिम सामना दिल्लीकडून तीन गुणांनी हरली. दोघेही चढाईपटू, दोघेही कप्तान. आणि दोघांच्या पहिल्या हंगामातला फरक पाहा. एका वर्षाच्या उमेदवारीनेच सारे झाले असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. संघात खेळाडू कोण आहेत याला मोठे महत्त्व असते. परंतु ज्याला एक वर्ष बाजूला बसून पाहू दिले, त्याचे आपण नुकसान तरी काही केले नाही.

हा रोग केवळ आपला नव्हे. अमेरिकेतल्या धंदेवाईक बास्केटबॉलमध्ये तर याची साथच आहे. आमच्या शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलची एक कडी आहे. जाळी कधीच गेली, आता त्यात चिमण्या बसतात. पण पोरांना तिकडची नावे तोंडपाठ. मॅजिक जॉन्सनसारखा विलक्षण खेळाडू १९९४ च्या हंगामाच्या शेवटी लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाचा प्रशिक्षक झाला. सोळा सामने, पाच जिंकले, अकरा हरले, आणि नमस्कार! जेसन किड याने जून २०१३ च्या आरंभी खेळ सोडला आणि दहा दिवसांच्या आत ब्रुकलिन संघाने त्याला मुख्य प्रशिक्षक नेमले. घामेजलेला सदरा तरी वाळू द्यायचा! एका हंगामानंतर तो निघाला. त्याच ब्रुकलिनवाल्यांनी २०२० मध्ये पुन्हा तोच खेळ केला. स्टीव्ह नॅश हा असाच दिग्गज. प्रशिक्षकपदाचा अनुभव शून्य. हाताशी एकाहून एक नामांकित खेळाडू असताना दोन वर्षांत बाद फेरीतली एकच मालिका जिंकता आली आणि नोव्हेंबर २०२२ च्या पहिल्या तारखेला त्याची रवानगी झाली. किडची गोष्ट मात्र पुढेही ऐकण्यासारखी आहे. दोन ठिकाणच्या मुख्यपदांनंतर तो लेकर्समध्ये दुसऱ्याच्या हाताखाली दुय्यम म्हणून राहिला, त्या संघाने २०२० चे अजिंक्यपद घेतले, आणि मग डलासचा प्रमुख होऊन २०२४ मध्ये त्याने तो संघ अंतिम फेरीत नेला. जी पायरी आधी चढायची ती त्याने मागाहून चढली. चढली हे महत्त्वाचे.

आता माझे एक मित्र आहेत, त्यांना प्रत्येक गोष्टीला अपवाद काढल्याशिवाय चकली गोड लागत नाही. ते म्हणतील, "आणि लॅरी बर्ड?" कबूल. १९९७ मध्ये अनुभव नसताना बर्ड इंडियानाचा प्रशिक्षक झाला, पहिल्याच हंगामात ५८ सामने जिंकले, वर्षातला उत्तम प्रशिक्षक म्हणून त्याचा गौरव झाला. पण त्याने केले काय? चढाईची आखणी रिक कार्लाईलवर सोपवली, बचावाची डिक हार्टरवर. दोघेही त्या विद्येत मुरलेले. स्वतः कमी बोलला. आपल्याला काय येत नाही हे ज्याला पक्के ठाऊक आहे असा राजा मिळाला तर राज्य चालते. मात्र असे राजे गादीवर बसवणाऱ्यांच्या यादीत सहसा नसतात, कारण यादी करणारे नम्रता पाहत नाहीत. ते फोटो पाहतात.

क्रिकेटमध्ये आपण हा धडा १९९९ साली घेतलाच होता. कपिल देव! नाव घेताच आमच्या पिढीचा हात आपोआप कपाळाकडे जातो. त्या वर्षी त्यांना भारताचे प्रशिक्षक केले. ऑस्ट्रेलियात तीन कसोट्या, तिन्ही हरलो. मग घरी दक्षिण आफ्रिकेकडून दोनही हरलो. वर्षभरात ते पर्व संपले. यात कपिल देवांच्या मोठेपणाला बाध येत नाही. १९८३ चा चषक उचलणारे हात तेच आहेत. पण त्यांनी झेल कसा घेतला हे ते सांगू शकत होते का? मागे धावत धावत खांद्यावरून येणारा चेंडू ज्याने टिपला, त्याला विचाराल तर तो म्हणेल, "धावलो आणि घेतला." खरेच आहे. एवढेच झाले होते.

उलट राहुल द्रविड पाहा. मराठी घरातला हा मुलगा बंगळुरात वाढला, कसोटीत तेरा हजारांवर धावा करून निवृत्त झाला. त्याला २०१२ मध्येच भारताची गादी सहज मिळाली असती. पण हा गृहस्थ एकोणीस वर्षांखालच्या पोरांबरोबर आणि भारत अ संघाबरोबर हिंडत राहिला. २०१८ मध्ये त्या पोरांना विश्वचषक मिळवून दिला, मग राष्ट्रीय अकादमी सांभाळली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मुख्य संघाकडे आला. जून २०२४ मध्ये वीस षटकांचा विश्वचषक हाती आला तेव्हा हा अबोल माणूस कसा ओरडला ते सर्वांनी पाहिले आहे. निवृत्तीनंतरची जवळजवळ दहा वर्षे त्या आरोळीत होती.

"पण मास्तर, खेळाडू ऐकणार कोणाचे? मोठ्या खेळाडूंना मोठाच माणूस लागतो," हा आक्षेप मी हजारदा ऐकला आहे. ज्यांनी हा आक्षेप घेतला त्यांनी २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवावी. नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला आणि कप्तान हरमनप्रीत कौर प्रशिक्षकाच्या पाया पडली. ते प्रशिक्षक अमोल मुझुमदार. रणजीच्या पहिल्याच सामन्यात २६० धावा करणारा, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा करणारा आणि भारतातर्फे एकही सामना न खेळलेला माणूस! १९८८ मध्ये शाळेच्या सामन्यात सचिन आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागी रचली तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो हाच. त्याची पाळी आली नाही. पुढेही आली नाही. बाहेर बसणे म्हणजे काय, हे ज्याला आतून माहीत आहे, त्याच्याजवळ संघाबाहेर ठेवलेल्या मुलीशी बोलायला शब्द असतात. ऐकतात का? पायाच पडतात!

आणि सचिनचे आचरेकर सर? प्रथम श्रेणीचा एक सामना खेळले होते, एकच. शिवाजी पार्कवर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत. बाद न होता टिकलास तर नाणे तुझे. स्कूटरवर मागे बसवून पोराला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. एका सामन्याचा माणूस! त्यांना आज एखाद्या मालकाकडे अर्ज घेऊन पाठवले असते तर बाहेरच्या शिपायाने विचारले असते, "आपण कोण?"

चंद्रकांत पंडित यांचेही तेच. पाच कसोट्या, छत्तीस एकदिवसीय. आकडे काही डोळे दिपवणारे नव्हेत. पण विदर्भाने कधी रणजी करंडक पाहिला नव्हता, तो यांनी लागोपाठ दोनदा मिळवून दिला. मध्य प्रदेशाचा कप्तान म्हणून १९९९ मध्ये बंगळूरच्या ज्या मैदानावर अंतिम सामना हरले, त्याच मैदानावर २०२२ मध्ये प्रशिक्षक म्हणून मध्य प्रदेशाला पहिला करंडक जिंकून दिला, तोही मुंबईला हरवून. तेवीस वर्षे एखादा पराभव उशाशी घेऊन झोपणाऱ्या माणसाला शिकवण्यासारखे पुष्कळ साठलेले असते.

पण सर्वांत जास्त जिव्हारी लागलेली गोष्ट निराळीच आहे, आणि ती आमच्या भगिनींनी विशेष लक्ष देऊन वाचावी. २०१८ च्या जकार्ता येथील आशियाई स्पर्धा. महिला कबड्डीचे सुवर्णपदक भारताचेच, असा आपला ठाम समज. आजवर दुसऱ्या कोणी ते घेतलेच नव्हते. अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असे हरवले. इराणच्या मुलींची प्रशिक्षक कोण? नाशिकच्या शैलजा जैन! आपल्या महाराष्ट्रातली बाई. वर्षानुवर्षे मुलींना कबड्डी शिकवीत आलेली. परक्या देशात गेली, त्यांची भाषा शिकली, मुलींना योगासने आणि प्राणायाम शिकवला, आणि आपले सुवर्ण आपल्या डोळ्यांदेखत घेऊन गेली. मी त्या बाईंना दोष देईन तर माझी जीभ झडेल. मी दोष देतो तो आपल्याला. ज्यांना घरात कधी पाट मांडला नाही त्यांनी शेजारच्या पंगतीत बसून जेवले तर आपण रुसायचे कोणत्या तोंडाने?

आपल्या तालमींत असे होत नसे. मोठा मल्ल थकला की तो लगेच वस्ताद होत नसे. आधी लाल मातीत पोरांबरोबर उतरे, त्यांच्याकडून पाठ लावून घेई, हौदा खणण्यापासून खुराकाच्या बदामांपर्यंत सगळ्यावर नजर ठेवी, आणि कधीतरी गावच त्याला वस्ताद म्हणू लागे. ती पदवी कोणी चेक फाडून देत नसे. शिवाय वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. राखून ठेवायला आधी बाकीचे सारे द्यावे लागतात, हे आपण विसरतो.

आता घरची गोष्ट सांगतो. एका कबड्डी मंडळाशी माझा संबंध आहे. नाव सांगत नाही. तेथे एक वयस्क गृहस्थ पंचवीस वर्षे संध्याकाळी पोरांना शिकवीत. छापखान्यातली नोकरी सांभाळून, पगारातून चुना विकत आणून रेषा आखीत. जिल्ह्यापलीकडे कधी खेळले नाहीत. पण कोणत्या पोराने डाव्या कोपऱ्यात उभे राहावे आणि कोणाला साखळीत धरावे हे त्यांना पोराच्या चालण्यावरून कळे. चार वर्षांपूर्वी मंडळाला देणगीदार भेटला आणि बाहेरून एक गाजलेला खेळाडू कोच म्हणून आला. फ्लेक्स लागले. म्हाताऱ्यांना सत्काराची शाल देऊन घरी बसवले. मी चिटणिसांशी भांडलो, तर ते म्हणाले, "मास्तर, तुमचे खरे आहे, पण फ्लेक्सवर फोटो कोणाचा लावायचा?"

त्या संघात डाव्या कोपऱ्याला एक पोरगा होता, माझाच विद्यार्थी. घोट्याची पकड अशी की मुंगूस सापाला धरील तशी. आई चार घरची धुणीभांडी करी. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, आणि त्या पोराचे व त्याच्या आईचे सारे गणित त्या पाचावर मांडलेले होते. नव्या कोचने त्याला सांगितले, "पायाला काय झोंबतोस, उभा राहून कमरेला धर. मी असेच धरायचो." ते धरीत, कारण ते सहा फुटी होते. पोरगा साडेपाच फूट. महिन्याभरात तो ना घोट्याचा राहिला ना कमरेचा. मग राखीव झाला, मग गुडघा दुखावला, मग येईनासा झाला. आता पाठीला मोठी पिशवी लावून मोटारसायकलवरून लोकांच्या घरी जेवण पोहोचवतो. परवा माझ्याच दारात आला. "सर, तुम्ही?" म्हणाला आणि पैसे मोजताना वर पाहीना.

वाटेल तुम्हाला की त्या कोचवर मी दातओठ खात असेन. होतोही. पण एक दिवस संध्याकाळी संघ हरून परतल्यावर ते माझ्याशेजारी मैदानाच्या पायरीवर येऊन बसले. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मास्तर, मला खेळ येतो हो. यांना कसा येत नाही तेच मला कळत नाही. आणि विचारायचे तरी कोणाला? मी कोच ना!" मला त्या माणसाची दया आली. ज्याच्यावर सारे गाव जीव टाकत होते, त्याला त्या गादीवर बसवून आम्ही दोन वर्षांत लोकांच्या थट्टेचा विषय करून टाकले होते. हंगाम संपल्यावर त्यांनी आपण होऊन निरोप घेतला. पुढे कळले की गावाकडे एका शाळेत लहान मुलांना शिकवतात आणि आता त्यांचे चांगले चालले आहे. म्हणजे आधी जेथे जायला हवे होते तेथेच शेवटी पोहोचले.

मालक लोक म्हणतील, पैसा आमचा, नेमणूक आमची. पैसा तुमचा असेल, गुडघे पोरांचे आहेत! नाव हवे असेल तर नाव विकत घ्या. त्या मोठ्या खेळाडूला सदिच्छादूत करा, पहिल्या रांगेत बसवा, नारळ त्याच्या हातून फोडा. आणि त्याला खरोखर शिकवायचे असेल तर दोन वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली पाठवा, तेवढी वर्षे त्याच्या घरचा खर्च चालवा. जो खरा असेल तो जाईल. जो नाही म्हणेल, त्याने तुमचे पुढचे नुकसान वाचवले असे समजा.

आमच्या मंडळात ती जागा पुन्हा रिकामी आहे. देणगीदाराच्या मनात यंदा आणखी मोठे नाव आहे, असे कानावर येते. शालीत गुंडाळलेले आमचे छापखानेवाले गृहस्थ अजून रोज संध्याकाळी मैदानाच्या कुंपणाबाहेर उभे राहून खेळ पाहतात. पोरगा चुकला की त्यांचा उजवा पाय आपोआप पुढे येतो. बैठक तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी आहे. मला एक मत आहे. त्या डिलिव्हरीवाल्या पोरालाही मी रविवारी सुट्टी काढायला सांगितले आहे. तो अजून मंडळाचा सभासद आहे, त्याचेही एक मत होते.